दिनार मोठा, येन छोटा?

दहावीचा निकाल लागला की आमच्या खेड-चिपळूण पट्ट्यात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. एक जमातीचा, एक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, एक आखातात असलेल्या गाववाल्यांच्या कमिटीचा. शील्ड, शाल, गुलाबाचं फूल, भाषणं आणि शेवटी बिर्याणी. यंदा अशाच एका समारंभाला प्रमुख पाहुणे कुवेतहून आले होते. तीस वर्षं तिकडे काढलेले, शाळेच्या छपरासाठी खिशातून पैसे दिलेले सज्जन गृहस्थ. त्यांचं नाव इथे घेण्याचं कारण नाही, कारण ते जे बोलले ते मी दहा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

ते म्हणाले, “मुलांनो, जगातलं सगळ्यात महाग चलन कुणाचं? अमेरिकेचं नाही, इंग्लंडचं नाही. कुवेतचं! एक दिनार म्हणजे पावणेतीनशे रुपयांच्या वर. आणि ज्या जपानचं कौतुक तुम्ही पुस्तकात वाचता, त्याचा येन किती? साठ पैसे! एवढं विज्ञान शिकून साठ पैसे. रिज्क देणारा अल्लाह आहे. त्याने वाळवंटातल्या मुसलमानांना जमिनीखालून दिलं.”

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शेवटच्या रांगेतून, जिथे माझी मुलं बसली होती. त्यातल्या निम्म्यांनी पासपोर्टसाठी कागद जमवायला घेतलेत, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दाखला न्यायला आलेल्या एकाने विचारलंच, “मॅडम, दिनार जर एवढा मोठा आहे, तर अकरावी करून काय फायदा?”

त्याच आठवड्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेले होते. चहाच्या सुट्टीत विषय निघाला तेव्हा दुसऱ्या शाळेचे एक गुरुजी हसत म्हणाले, “तुमच्या त्या अरबांचं सोडा हो. तेल नसतं तर अजून उंट हाकत बसले असते.” त्यातला ‘तुमच्या’ मी कानामागे टाकला. आमच्यासारख्यांना त्याची सवय असते. पण घरी येताना एसटीत बसल्यावर लक्षात आलं की पाहुणे आणि गुरुजी, दोघं एकच गोष्ट बोलत होते. एकाच्या मते तेल म्हणजे अल्लाहची शाबासकी, दुसऱ्याच्या मते नशिबाची लॉटरी. दोघांच्याही हिशेबात माणसाने काय केलं, काय करायला हवं होतं, याला जागाच नाही. आणि माझा सगळा धंदा त्या जागेवरच चालतो. म्हणून हा लेख.

आधी दिनार-येनचा हिशेब संपवू, कारण तो पाचवीच्या गणिताचा आहे. सोनं तोळ्यात मोजलं की भाव मोठा दिसतो, ग्रॅममध्ये मोजलं की लहान. सोनं तेवढंच असतं. चलनाचं एकक किती मोठं ठेवायचं हे सरकार ठरवतं. १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात आपला रुपया चालत होता. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार काढला आणि त्याची किंमत एका ब्रिटिश पौंडाएवढी ठेवली. तेव्हा एका दिनारला सव्वातेरा रुपयांहून थोडे अधिक पडत. त्यांनी ठरवलं असतं तर त्याच्या दहाव्या हिश्शाचा दिनार काढला असता, आणि आज तो तीस रुपयांच्या आसपास असता. देश तेवढाच श्रीमंत राहिला असता. फक्त आमच्या पाहुण्यांचं भाषण पडलं असतं.

उलट येनकडे पाहा. १९४९ मध्ये युद्धात होरपळलेल्या जपानने एका डॉलरला ३६० येन हा भाव बांधला होता. आज एका डॉलरला साधारण दीडशे येन पडतात. म्हणजे ज्याला आपण साठ पैसे म्हणून हिणवतो, तो येन डॉलरच्या तुलनेत वधारला आहे. आणि आपला रुपया? त्याबद्दल समारंभात कुणी बोलत नाही. दिनारने साठ वर्षं आपली किंमत टिकवली, हे तिथल्या कारभाराचं श्रेय आहे, ते द्यायलाच हवं. पण नोटेवरचा भाव म्हणजे देशाची ताकद, हे गणित चूक आहे.

आता खरी तुलना. जपान क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा, लोकसंख्या सव्वाबारा कोटींच्या वर. कुवेत रायगड आणि रत्नागिरी जिल्हे जोडले तर त्याहून थोडासा मोठा, लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. जपानचं वर्षाचं उत्पन्न सुमारे ४ लाख २० हजार कोटी डॉलर, कुवेतचं १६ हजार कोटी डॉलरच्या आसपास. जपान पंचवीस पटीने मोठा. पण माणसंही जवळपास पंचवीस पट. त्यामुळे भागाकार केला की गंमत होते. २०२३ मध्ये दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखंच निघतं, तेहतीस-चौतीस हजार डॉलर.

“बघा, बरोबरी झाली!” असं पाहुणे म्हणतील. पण भागाकार करताना कुणाची डोकी मोजली ते विचारा. कुवेतमध्ये राहणाऱ्या दर तीन माणसांतला साधारण एकच कुवेती नागरिक आहे. उरलेले दोघे भारतीय, इजिप्शियन, बांगलादेशी, फिलिपिनो, पाकिस्तानी. दरडोई उत्पन्नाचा महिन्याचा हिस्सा काढला तर माणशी साडेआठशे दिनारच्या आसपास येतो. आणि घरकामगारांसाठी कुवेतने २०१६ मध्ये ठरवलेलं किमान वेतन किती? महिना ६० दिनार. आपल्या रुपयांत साधारण सतरा हजार. सरासरीत आमच्या माणसाचं डोकं मोजतात, वाटणीच्या वेळी त्याचा हात मोजत नाहीत. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली आणि किमान ४५ भारतीय गेले. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी ही माणसंही त्या श्रीमंत सरासरीत धरलेली होती. त्यामुळे ‘मुसलमानांचा श्रीमंत देश’ म्हणताना निदान एवढं विचारा, कुठल्या मुसलमानांचा?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे अब्बा १९७९ ते १९९० कुवेतच्या फहाहीलमध्ये एका गॅरेजात डेंटर होते. गाड्या यायच्या टोयोटा, डॅटसन, माझदा. सुट्टीवर आले की सांगायचे, “तेल त्यांचं, गाडी जपानची, हातोडा आपला.” दोन अर्थव्यवस्थांची तुलना मी पहिल्यांदा त्या एका वाक्यात ऐकली. तेल एकदा जळून जातं. गाडीसाठी कारखाना लागतो, कारखान्यासाठी इंजिनियर, इंजिनियरसाठी शाळा. हातोडा मात्र ज्याच्या हातात असतो त्याच्याबरोबर फिरतो.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मालक पळून गेला. अब्बांचा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता आणि तीन महिन्यांचा पगार त्याच्याकडे थकलेला. पुढे जॉर्डनमार्गे, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने जे सुमारे पावणेदोन लाख भारतीय परत आणले गेले, त्यांत अब्बा होते. मी दहा वर्षांची होते. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फक्त एक रेक्झिनची बॅग होती, एवढं आठवतं.

तेव्हा गावात असे बरेच जण परतले. अब्बांनी चार महिन्यांत मुंबई-गोवा हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि डेंटिंग सुरू केलं. त्या शेडवर मी बी.एड. झाले. शेजारचे चाचा अकरा वर्षं एका गोदामात ‘हेल्पर’ होते. कष्ट अब्बांपेक्षा जास्तच केले असतील, पगारही फार कमी नव्हता. पण परत आले तेव्हा त्या अकरा वर्षांतलं इथे उपयोगी पडेल असं काहीच त्यांच्याबरोबर आलं नाही. दोघांनी एकाच देशात, एकाच दिनारमध्ये कमावलं होतं. फरक चलनाचा नव्हता.

माणसाचं जे झालं, ते देशाचंही होतं. खुद्द कुवेतचं एकदा झालेलं आहे.

तेलाच्या आधी कुवेत मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्याचे चार महिने शेकडो गलबतं समुद्रात जायची. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी उतरायचे आणि श्वास संपेपर्यंत शिंपले गोळा करायचे. हंगामाच्या आधी नाखुदाकडून, म्हणजे गलबताच्या तांडेलाकडून, उचल घ्यायची आणि हंगाम संपला तरी कर्ज फिटायचं नाही. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं. हे मोती विकायला यायचे कुठे? आपल्या मुंबईत. अरब व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, इथे मोत्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची आणि इथून ते पॅरिस-लंडनला जायचे.

तिकडे जपानमध्ये तोबा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात शेवया विकणाऱ्याचा मुलगा, कोकिची मिकिमोतो, शिंपल्यांवर प्रयोग करत होता. शिंपल्यात बाहेरून कण घातला तर तो त्याभोवती मोती बनवील का? लाल भरतीने त्याचे शिंपले मेले, पैसे बुडाले, लोक हसले. १८९३ मध्ये त्याला पहिला अर्धगोल मोती मिळाला. पुढे इतर जपानी संशोधकांच्या कामाची भर पडून पूर्ण गोल मोती तयार झाले आणि पहिल्या महायुद्धानंतर ते युरोपच्या बाजारात उतरले. त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली. दहा-बारा वर्षांत आखाताचा मोत्यांचा धंदा बसला. पाणबुड्यांच्या घरी उपासमार आली.

इथे नीट लक्ष द्या, कारण माझा सगळा मुद्दा याच जागी आहे. कुवेतच्या समुद्रातले मोती संपले नव्हते. अल्लाहने दिलेलं सगळं तळाशी तसंच होतं. पाणबुड्यांचं धाडसही कमी झालं नव्हतं. संपलं होतं ते गिऱ्हाईक. निसर्गात सापडणारी वस्तू काढून विकणं हाच ज्याचा धंदा, त्याचं नशीब ती वस्तू बनवायला शिकणाऱ्याच्या हातात जातं, किंवा तिच्याशिवाय जगायला शिकणाऱ्याच्या.

मोती बुडाले आणि १९३८ मध्ये बुरगानला तेल सापडलं. १९४६ मध्ये पहिलं जहाज तेल घेऊन निघालं. ही मेहरबानीच. पण मेहरबानी दर वेळी वेळेवर पोहोचेल हे धरून चालता येत नाही.

तेल संपेल, मग अरबांचं काय, असं जे म्हणतात त्यांचाही अंदाज चुकीचा आहे. कुवेतच्या जमिनीखाली सुमारे शंभर अब्ज बॅरल तेल आहे. सध्याच्या वेगाने काढलं तर ते शंभर वर्षं पुरेल. प्रश्न तेल पुरण्याचा नाही, गिऱ्हाईक टिकण्याचा आहे. मोत्यांसारखाच.

आणि गिऱ्हाईक कसं वेगळं व्हायला शिकतं हे १९७३ ने दाखवलं. अरब-इस्राएल युद्ध झालं, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत बॅरलचा भाव तीन डॉलरवरून बाराच्या जवळ गेला. जपानकडे स्वतःचं तेल जवळजवळ शून्य. ओसाकाच्या बाजूला बायकांनी दुकानांसमोर रांगा लावून टॉयलेट पेपरचे गठ्ठे घरी नेले, इतकी घबराट. १९७४ मध्ये महायुद्धानंतर पहिल्यांदाच जपानचं उत्पन्न घटलं. शहरातल्या निऑनच्या पाट्या विझवल्या गेल्या. आणि मग काम सुरू झालं. १९७४ मध्ये सौर आणि इतर ऊर्जेच्या संशोधनाचा सरकारी कार्यक्रम निघाला. १९७९ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा आला. कारखान्यांना कमी इंधनात तेवढाच माल काढायला लावलं गेलं. कमी पेट्रोल खाणाऱ्या छोट्या जपानी गाड्यांनी अमेरिकेचा बाजार घेतला. १९९७ मध्ये टोयोटाने अर्धी विजेवर चालणारी प्रियस विकायला काढली. तेल महाग झाल्यामुळे जपान गरीब झाला नाही, तेल कसं कमी जाळायचं ते शिकला आणि ती शिकवण जगाला विकली.

त्याच वर्षांत कुवेतमध्ये पैशाचा पूर आला होता. त्यातला बराचसा शेअरच्या जुगारात गेला. सूक अल-मनाख नावाच्या खासगी शेअरबाजारात पुढच्या तारखेचे चेक देऊन व्यवहार चालायचे. ऑगस्ट १९८२ मध्ये तो फुटला तेव्हा अशा चेकांची रक्कम ९४ अब्ज डॉलर निघाली. आजही कुवेत सरकारच्या उत्पन्नातले सुमारे नव्वद टक्के तेलातून येतात. नागरिकांना आयकर नाही, आणि कमावत्या नागरिकांतले बहुतेक जण सरकारी नोकरीत आहेत. जून २०२४ च्या उन्हाळ्यात याच देशाला भारनियमन करावं लागलं. तेलावर तरंगणाऱ्या देशात लोडशेडिंग! आम्हा कोकणातल्यांना तरी ते समजावून सांगावं लागणार नाही.

आता त्या गुरुजींसाठी. ‘उंट हाकत बसले असते’ हे म्हणणंही तितकंच अडाणी आहे. कुवेतचे लोक तेलाच्या आधीही उंटांच्या मागे फिरत नव्हते. ते दर्यावर्दी होते. मलबारच्या सागवानाची गलबतं बांधून बसरा ते आफ्रिका व्यापार करत होते. तेल मिळाल्यावरही सगळं उधळलं असं नाही. १९५३ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आठ वर्षं आधी, त्यांनी जास्तीचा पैसा गुंतवण्यासाठी लंडनमध्ये मंडळ काढलं. जगातला तसल्या प्रकारचा तो पहिला सरकारी निधी मानतात. १९७६ पासून उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला टाकायचं ठरलं. मर्सिडीज बनवणाऱ्या कंपनीत १९७४ पासून कुवेतचा हिस्सा आहे. १९९० मध्ये देश गेला तेव्हा परागंदा सरकार याच साठ्यावर चाललं. ‘अल-अरबी’सारखं मासिक १९५८ पासून काढून त्यांनी सगळ्या अरब जगाला वाचायला दिलं. १९६२ मध्ये राज्यघटना केली, पुढच्या वर्षी निवडून आलेली संसद बसवली. मे २०२४ मध्ये अमीरांनी तीच संसद विसर्जित करून घटनेची काही कलमं स्थगित केली, हेही सांगायला हवं. प्रजेने कर द्यायचा नाही आणि राजाने हिशेब द्यायचा नाही, असा हा जुना सौदा आहे.

आणि माणुसकीबद्दल कुणी शिकवायला नको. २०११ मध्ये जपानला त्सुनामीने झोडपलं, तेव्हा कुवेतने पन्नास लाख बॅरल तेल फुकट दिलं. त्या पैशातून किनाऱ्यावरच्या सानरिकू रेल्वेने नवे डबे घेतले आणि त्यांच्यावर अरबीत आभार लिहिले. हे दोन देश एकमेकांना पाण्यात पाहत नाहीत. त्यांची कुस्ती लावली ती आमच्या मंडपात.

जपान म्हणजे जन्नत, असंही मला मुलांना सांगायचं नाही. कोरिया आणि चीनमध्ये त्यांच्या सैन्याने जे केलं ते इतिहासात आहे. आज तिथे दहातले जवळपास तीन लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. २०२४ मध्ये सात लाखांपेक्षा कमी मुलं जन्मली. सरकारवरचं कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे. कामाच्या ओझ्याने मरण्याला त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे. परदेशातून ‘शिकाऊ’ म्हणून आणलेल्या कामगारांना तिथेही पिळून काढल्याच्या तक्रारी आहेत. मला जपानकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती मागायला जाणारी मी पहिली नाही.

शंभर वर्षांपूर्वी आपल्यातलाच एक माणूस ती मागायला गेला होता. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद हैदराबाद संस्थानाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. आजचा मराठवाडा त्यांच्याच खात्याखाली येत होता. १९२२ मध्ये ते जपानला गेले, तिथल्या शाळा पाहिल्या आणि १९२३ मध्ये जपानच्या शिक्षणपद्धतीवर आख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं. जपानने १८७२ मध्येच सगळ्या मुलामुलींना शाळेत घालायचा हुकूम काढला होता आणि नवं विज्ञान स्वतःच्या भाषेत आणलं होतं. हैदराबादेतही तेव्हा उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून विज्ञान आणि वैद्यक शिकवू पाहत होतं. ज्या निजामाच्या पदरी हे चाललं होतं, त्याला पुढे जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणू लागले. आज त्या निजामाच्या हिऱ्यांच्या गोष्टी आमच्या लोकांना पाठ आहेत. रॉस मसूद कोण, हे दहांतल्या एकालाही सांगता येत नाही. दिनारला टाळ्या आणि शाळेला विसर, ही सवय जुनीच आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. आमच्या गावांकडे पाहा आणि सांगा, आम्ही स्वतःच एक छोटं कुवेत नाही का? कुवेतचं तेल तसा आमचा ड्राफ्ट. पैसा बाहेरून येतो, दुमजली बंगला होतो, संगमरवरी मशीद होते, लग्नात पाचशे ताटं उठतात. बंगल्याला वर्षातले दहा महिने कुलूप. गावात प्लंबर हवा तर तो बाहेरून येतो, इलेक्ट्रिशियन बाहेरून, गवंडी बाहेरून. जमिनी पडीक. आणि ज्या मुलाचा बाप, चुलता आणि मामा आखातात आहे, तो नववीतच शाळेतून मनाने गेलेला असतो. माझ्या वर्गात मुली पुढे आणि मुलगे मागे आहेत, याचं मोठं कारण हेच.

हा ड्राफ्टही कायमचा नाही. सौदीने २०११ पासून आपल्या लोकांना नोकऱ्या देण्यासाठी परदेशी कामगारांवर बंधनं आणली. कुवेतही तेच करू पाहतो आहे. तिथल्या मालकाला ‘हेल्पर’ स्वस्तात कुठल्याही देशातून मिळतो. आमची मुलं गेली पन्नास वर्षं जे विकत आहेत ते म्हणजे तरुण वय. निसर्गाने दिलेलं, काढून विकायचं. मोत्यासारखं. फक्त ते साठून राहत नाही, विकलं नाही तरी जातं आणि विकलं तरी जातं.

रिज्क अल्लाहच्या हाती आहे, यावर माझाही ईमान आहे. पण याच मुलांना आम्ही दीनियातच्या तासाला शिकवतो की हजरत दाऊद (अ.) बादशाह होते आणि तरी लोखंडाची चिलखतं घडवून स्वतःच्या हातची कमाई खात. खजिना त्यांच्याकडे होता. त्यांचं कौतुक खजिन्यासाठी केलेलं नाही, हातासाठी केलेलं आहे. समारंभाच्या भाषणात ही गोष्ट का येत नाही?

आखातात जाऊ नका, असं मी म्हणत नाही. ज्या घराची चूल त्या पैशावर पेटते, त्यांना असं सांगायचा मला हक्क नाही, माझी चूलही अकरा वर्षं त्यावरच पेटली. मी म्हणते, दहावीचा निकाल आणि पासपोर्ट यांच्यात दोन-तीन वर्षं घाला. आयटीआय करा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करा, नर्सिंग करा, वेल्डिंगचं प्रमाणपत्र घ्या. बारावी झालेला मुलगा आणि प्रमाणपत्र असलेला वेल्डर एकाच विमानाने जातील, पण एकाच पगारावर नाही. आणि युद्ध झालं, नोकरी गेली, अंगावर बॅग घेऊन परतायची वेळ आली, तर वेल्डर शेड टाकू शकेल.

आखातातल्या कमिट्यांनाही माझं हात जोडून सांगणं आहे. तुमच्या पैशाने आमच्या शाळेचं छप्पर झालं, ते आम्ही विसरणार नाही. पण पुढच्या वर्षीचा शील्ड-शालीचा खर्च बाजूला ठेवा. बंद पडलेली प्रयोगशाळा सुरू करून द्या. कुवेतने जसा दहावा हिस्सा पुढच्या पिढीसाठी काढला, तसा ड्राफ्टमधला शंभरावा तरी काढून गावातल्या मुलामुलींच्या डिप्लोमाच्या फीचा निधी उभा करा. कुवेतकडून घ्यायचंच तर हे घ्या, दिनारचा भाव नको.

दाखला न्यायला आलेल्या त्या मुलाला मी अब्बांच्या शेडवर घेऊन गेले. अब्बा आता काम करत नाहीत, माझा भाऊ बघतो. एक जुनी मारुती उभी होती, दरवाजा चेपलेला. भावाने त्याच्या हातात हातोडा दिला आणि म्हणाला, “मार, पण पत्रा फाटता कामा नये.” अर्ध्या तासात त्याने पत्रा आणखी बिघडवला. भाऊ हसला आणि म्हणाला, “हे नीट मारायला मला दोन वर्षं लागली.” मुलगा काही बोलला नाही. गेल्या सोमवारी त्याने आयटीआयचा फॉर्म भरून आणला आणि मला सही कुठे करायची ते विचारलं. पासपोर्टचे कागदही त्याच पिशवीत होते. मी ते बाहेर काढायला सांगितलं नाही.